सरकारी भिंतीस दहा वेळा ढकलण्याबाबत

दिल्लीत आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरात राहणारे सेक्शन ऑफिसर श्रीरंग पोतनीस यांची साखर वाढली असल्याचे दवाखान्याच्या डॉक्टरांनी मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता त्यांना तोंडी कळवले. तीन महिन्यांत ती खाली आली नाही, तर इन्सुलिन. रोज, पोटात. श्रीरंगरावांनी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत अकरा सचिव पचवले होते, पण सुई म्हटली की त्यांची बोबडी वळे. चौथीत असताना लस टोचायला आलेल्या नर्सबाई दिसताच त्यांनी शाळेच्या कुंपणावरून उडी मारली होती. व्यायाम म्हणावा असे त्यांच्या हातून घडलेले ते शेवटचे कृत्य.

"जिम-विम की कोई ज़रूरत नहीं," डॉक्टर म्हणाले. "घर पे ही कीजिए, बिल्कुल आसान है." आणि त्यांनी चिठ्ठीवर चार ओळी खरडल्या. भिंतीला हात टेकून दहा जोर, खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात वरखाली, आणि जागच्या जागी वीस उड्या.

बुधवारी सकाळी श्रीरंगरावांनी बनियनवर उभे राहून बैठकीच्या खोलीतल्या भिंतीला दोन्ही तळवे टेकले. एक जोर झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला पापडाएवढा पोपडा सुटून त्यांच्या पायाशी पडला.

दुसऱ्या कोणी तो केरात टाकून त्या जागी कॅलेंडर टांगले असते. श्रीरंगरावांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वर तारीख घातली.

"अहो, हे काय चाललंय?" कुमुदताईंनी विचारले.

"सरकारी मालमत्ता आहे. कळवायला हवं."

"भिंत पावसाळ्यापासूनच फुगलेली आहे. तुम्ही नुसता हात लावलात."

"हेच. उद्या कोणी म्हणालं, पोतनीसांनी भिंत ढकलली, तर? लेखी परवानगी असलेली बरी."

"विचारायला गेलात की संपलं," कुमुदताई म्हणाल्या. पण त्या कधी सरकारी नोकरीत नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या मताला आधार म्हणून एकही परिपत्रक दाखवता येत नव्हते.

अर्जाचा विषय होता, 'शासकीय निवासस्थानातील भिंतीस वैद्यकीय कारणास्तव दररोज दहा वेळा ढकलण्यास परवानगी मिळणेबाबत.' भिंत व छत देखभाल उपविभाग घरापासून दीड किलोमीटरवर, चौथ्या मजल्यावर होता. लिफ्टवर 'मरम्मत जारी है' अशी पाटी होती आणि पाटीवर जळमटे होती. श्रीरंगराव धापा टाकत वर पोचले, तेव्हा तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, अर्ज दोनदा वाचून गंभीर झाले.

"पोतनीस साहब, दीवार तो आधी ही आपकी है. आधी बगलवाले की. आप इधर से धकेल रहे हैं और वो उसी टाइम उधर से धकेल दे, तो?"

श्रीरंगरावांना मुद्दा पटला. इतका चोख मुद्दा आपल्याच सेक्शनमधून निघायला हवा होता, असे वाटून त्यांना किंचित असूयाही वाटली. शेजारी राहणाऱ्या ऑडिटमधल्या गृहस्थांनी ना हरकत पत्र दिले, मात्र चहाच्या वेळी ढकलू नये या अटीवर. ते तीन प्रतींत हवे होते. झेरॉक्सचे दुकान मार्केटात, म्हणजे चार मजले खाली आणि पुन्हा चार मजले वर.

मग खुर्ची निघाली. खुर्ची खाजगी की सरकारी? खाजगी असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले. मग बाटल्या. "पानी पीने के लिए दिया जाता है," बडे बाबू म्हणाले. "आप उठाएँगे और पिएँगे नहीं?" उचलून झालेले पाणी त्याच दिवशी प्यायले जाईल, असे हमीपत्र झाले. उड्यांसाठी स्लॅबवर येणारा भार काढावा लागला, आणि हवेत असताना अर्जदाराचे वजन नेमके कोणाच्या खाती धरायचे, यावर फाइल बारा दिवस अडली. प्रत्येक वेळी एक कागद कमी पडे, आणि तो नेहमी तळमजल्यावरच मिळे.

इकडे महिना गेला, दुसरा निम्मा सरला. श्रीरंगरावांना झोपेतही पोटावर सुई दिसू लागली.

"बाबा, यार, करून टाका ना एक्सरसाइज," मुलगी कादंबरी म्हणाली. "कोण बघतंय?"

"अर्ज प्रलंबित असताना?"

"प्रलंबित मतलब?"

"तुझी आई ज्याला 'बघू' म्हणते ते."

"अच्छा. म्हणजे नाही."

अखेर कनिष्ठ अभियंता पाहणीला आले. जोर कसा काढणार, ते दाखवा म्हणाले. परवानगीशिवाय दाखवता येत नाही, असे श्रीरंगरावांनी नम्रपणे निदर्शनास आणले. अभियंता पेचात पडले. मग त्यांनी स्वतःच बाह्या सारल्या, भिंतीला तळवे टेकले आणि दणकून जोर काढला. यावेळी परातीएवढा पोपडा निघाला. अहवालात त्यांनी नोंदवले की भिंत शासकीय हातांखाली समाधानकारकरीत्या पडत असून, खाजगी हातांखाली ती कशी पडेल याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा.

तीन महिने भरले. रक्त द्यायला जाताना श्रीरंगरावांनी घरातल्या गणपतीला हात जोडले, आणि रिपोर्ट घ्यायला निघताना तर त्यांना अक्षरशः रडू येत होते. चार व्यायामांपैकी एकही झाला नव्हता. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"कमाल है! शुगर नॉर्मल. सात किलो कम. क्या किया आपने? दीवारवाला?"

"कुछ नहीं, सर," श्रीरंगराव म्हणाले. "अभी तो परमिशन ही नहीं मिली."

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले. एक्केचाळीस हेलपाटे. प्रत्येकाला तीन किलोमीटर चाल आणि चार मजले, तेही कधी दोनदा, कधी तीनदा. डॉक्टरांनी त्यांच्याकडून अर्जाची एक प्रत मागून घेतली. त्या दिवसापासून ते गोळ्यांऐवजी अर्जाचा नमुना देऊ लागले.

महिनाभरात उपविभागाचा जिना गजबजला. सकाळी सहापासून स्पोर्ट्स शूज घातलेले अर्जदार रांग लावू लागले. मयूर विहारचे लोक मेट्रो पकडून येत, फरीदाबादचे तर आमचीही भिंत याच उपविभागात धरा म्हणून वेगळा अर्ज करत. कागद पुरा निघाला की माणसे हिरमुसत. बडे बाबूंनी त्रुटी काढली की टाळ्या पडत. निवृत्त अवर सचिवांचा एक गट तर नुसता झेरॉक्ससाठी वरखाली करत असे. श्रीरंगरावांना त्या जिन्यावर गुरुजी म्हणत.

एवढी गर्दी वरिष्ठांच्या नजरेत आली, आणि वरिष्ठांना जनतेची दया आली. चौकशी होऊन सुधारणा झाली. एका सोमवारी लिफ्ट सुरू झाली, मंगळवारी जिन्याला कुलूप लागले, आणि बुधवारी सगळे काम ऑनलाइन झाले. घरबसल्या अर्ज, घरबसल्या मंजुरी. श्रीरंगरावांची परवानगी गुरुवारी मोबाइलवर येऊन थडकली. चारही व्यायाम, तहहयात.

त्यांनी तिचा प्रिंट काढला, चौकट करून घेतली आणि भिंतीवरच्या परातीएवढ्या भोकावर टांगली. भोक छान झाकले गेले.

पुढच्या तपासणीत साखर होती तिथे परत आली होती. डॉक्टरांनी पुन्हा तीन महिने दिले. श्रीरंगराव धावत उपविभागात गेले. परवानगी रद्द करा, फाइल पुन्हा कागदावर घ्या, काहीतरी त्रुटी काढा, असे त्यांनी बडे बाबूंना हात जोडून विनवले. एकट्याने बसून बसून बडे बाबूंचेही पोट सुटले होते. "अब हमारे हाथ में कुछ नहीं रहा, गुरुजी," ते खिन्नपणे म्हणाले आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आले.

"अहो, भिंत इथे, परवानगी इथे, तुम्ही इथे," घरी कुमुदताई म्हणाल्या. "आता कुठे अडलंय?"

श्रीरंगरावांनी भिंतीकडे पाहिले. जोर काढला तर चौकट पडेल, आणि चौकटीतला कागद सरकारी होता.

"सोमवारपासून," ते म्हणाले.

हसलात? हसा. तुमची भिंत खाजगी आहे. तिला ना शेजाऱ्याचे पत्र लागते, ना अभियंत्याचा अहवाल. व्यायामाची चिठ्ठीही तुमच्याकडे आहे. गेल्या जानेवारीपासून ती फ्रिजवर चिकटवलेली आहे. जरा उठून त्या भिंतीवर तुमच्या तळव्यांचा एखादा तरी डाग सापडतो का, तेवढे बघून या. आम्ही थांबतो.

उठला नाहीत ना?