भोरड्यांचा बंदोबस्त

भोरड्या दाखवाव्यात तर स्वरालीनंच, ते दुसऱ्या कुणाचं काम नव्हे, असं तिनं बारामतीच्या पक्षी ग्रुपवर ठोकून दिलं. भोरड्या म्हणजे थंडीच्या तोंडावर परदेशातून येणाऱ्या गुलाबी मैना. दसऱ्यापासून ग्रुपवर नुसता धुमाकूळ चालला होता. कुणाला कन्हेरीच्या माळावर भोवत्या ससाणा दिसत होता, कुणाला पळसदेवच्या पाण्यावर थापट्या बदकं. स्वरालीच्या खात्यावर एक कबूतर जमा होतं, तेही तिच्याच बाल्कनीतल्या कुंडीत अंडी घालून बसलेलं. त्यावर ग्रुपप्रमुख पद्मा मॅडमनी "छान प्रयत्न" असं लिहिलं होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला छान प्रयत्न!

"आमच्या वरकुट्याला या," तिनं लिहिलं. "सासऱ्यांच्या बाजरीवर हजारांनी उतरतात, आभाळ काळं होतं. रविवारी दाखवते. नाही दिसल्या तर ग्रुप सोडेन."

शेवटचं वाक्य नको होतं, हे पाठवल्यावर लक्षात आलं.

वरकुट्याला जायला तिला आणखी एक निमित्त होतं. तीन वर्षांचा शंभूराज आठवडाभर आजी-आजोबांकडे होता आणि इकडे स्वरालीचा जीव टांगणीला. येता-जाता ती सासूबाईंच्या फोनवर व्हॉइस मेसेज धाडायची. "शंभू, विहिरीकडं जायचं नाही. शंभू, शेळीच्या कानात बोट घालू नकोस. शंभू, तोंडात काय आहे? थुंक आधी." सारजाबाई ते नातवाला इमानानं ऐकवायच्या. नातू शेळीचा कान सोडत नसे, हा भाग वेगळा.

रविवारी सकाळी गाडी शेताच्या बांधाला लागली. पद्मा मॅडम उतरल्या. पाठोपाठ तोफेएवढी लेन्स गळ्यात अडकवून श्रीपादराव उतरले. बाजरी डोक्याच्या वर गेलेली, कणसं टच्च भरलेली. आणि त्यावर एक पाखरू नाही. चिमणीसुद्धा नाही.

"कुठं आहेत गं?" पद्मा मॅडमनी दुर्बीण लावून विचारलं.

"येतील ना. त्यांची वेळ..."

तेवढ्यात बाजरीतून आभाळ फाटल्यासारखा आवाज आला.

"शंभू, तोंडात काय आहे? थुंक आधी!"

श्रीपादरावांनी तोंडातली लवंग खरोखरच थुंकली.

"विहिरीकडं जायचं नाही!"

सावलीसाठी विहिरीकडे निघालेल्या पद्मा मॅडम जागच्या जागी थांबल्या. मग सावकाश वळून म्हणाल्या, "स्वराली, हा तुझा आवाज ना?"

शेताच्या मधोमध बांबूवर एक भोंगा बांधलेला होता. त्याच्या खालून सासरे, मानसिंगतात्या, हसतमुखानं येत होते.

"तात्या, हे काय आहे?"

"भोंगा."

"तो दिसतोय. त्यात मी काय करतेय?"

"आता काय सांगू पोरी. फटाकं झालं, डबं बडवून झालं. ससाण्याचं ओरडणं लावलं, तर भोरड्या त्या भोंग्यावरच बसाय लागल्या. मग तुझ्या सासूनं पोराला ऐकवायला तुझा मेसेज लावला हितं बांधावर. सगळा थवा उठला न् भिगवणच्या वाटंला लागला. म्हणलं, हे सापडलं. फोन धरला भोंग्यापुढं, दाबलं रेकॉर्डिंगचं बटण. तवापासनं एक दाणा गेला न्हाय."

"मला विचारायचं तरी."

"विचारणार व्हतो. पण फोनवर तू आमाला बोलू कुठं देतीस?"

श्रीपादराव घाईघाईनं बाजरीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"जरा वेळ बंद करा, तात्या. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"आन् माझ्या बाजरीचा?"

"पाव्हणी आल्यात लांबनं," बांधावरच्या झोपडीतून, शंभूला पुढ्यात घेऊन बसलेल्या सारजाबाई म्हणाल्या. "च्या हुईस्तवर ऱ्हाऊ द्या बंद."

भोंगा गप्प झाला. आधी दहा-बारा आल्या, तारेवर बसून अंदाज घेत राहिल्या. बाई नाही, अशी खात्री पटली असावी. मग क्षितिजावरून थवाच उठला. झटकलेल्या घोंगडीसारखा फिरला, वळला, काळ्या डोक्यांच्या आणि गुलाबी पाठींच्या हजारो भोरड्या बाजरीवर कोसळल्या. कॅमेरा कडकडत होता. तात्या एकेका कणसाकडे सासरी निघालेल्या लेकीकडे बघावं तसे बघत होते.

"स्वराली, कमाल आहे," पद्मा मॅडम पुटपुटल्या. "ग्रुपवर तुझ्या नावानंच टाकते."

स्वराली फुलली. आणि त्या फुललेल्या अवस्थेत तिच्या ध्यानात आलं, की शंभूकडे बऱ्याच वेळात आपलं लक्ष नाही. तिनं भिरभिर पाहिलं. शंभूराज राखणीच्या माळ्याच्या शिडीवर होता, जमिनीपासून पुरुषभर उंच, आणि आणखी वर निघाला होता.

"शंभू! खाली उतर!"

भोंगा जे विजेवर करत होता, ते तिनं नुसत्या घशानं केलं. बाजरीवरचा अख्खा थवा उठला. तारेवरचे होले उडाले. शेजारच्या बांधावरच्या बैलांनी वैरण सोडली. श्रीपादरावांच्या हातून लेन्स निसटून छातीवर आपटली. बघता बघता आभाळ धुऊन काढल्यासारखं मोकळं झालं.

शंभूराजनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यानं शांतपणे पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

कणसं तुडवत स्वराली धावली आणि तिनं त्याला कमरेला धरून खाली ओढलं. "किती ओरडले मी! ऐकू येत नाही का तुला?"

शंभूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग भोंग्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे.

सारजाबाई चहाचे कप घेऊन पोचल्या होत्या. "त्येला कशापायी रागावतीस गं," त्या म्हणाल्या. "त्येला वाटलं, भोंगाच लागलाय."