सायाळीच्या घरचा केक

बाळांनो, सावरून बसा. हातातला मोबाईल आईला परत द्या. तिला तो तुमच्यापेक्षा जास्त लागतो.

तर एका जंगलात, जिथे रस्ता अजून गेला नव्हता पण फॅशन पोचली होती, शलाका नावाची एक सायाळ राहत होती. अंगभर काटे, पण जीव मऊ. तिला एकुलती एक लेक होती. तिचं नाव सुई.

त्या जंगलात पूर्वी वाढदिवस साधेच व्हायचे. आई ओवाळायची, हातावर गूळ-खोबरं ठेवायची आणि पोरं खेळायला पळायची. मग गावाकडे राहून आलेल्या एका माकडाने सांगितलं, की सुधारलेल्या लोकांत वाढदिवसाला ‘थीम’ असते. तेव्हापासून जंगलाची झोप उडाली. वैदेही कोल्हिणीने आपल्या पिल्लासाठी ‘अंतराळ’ ठेवलं. पाहुण्यांची पिल्लं वेलींना उलटी टांगली. दोघांना उलट्या झाल्या. पण फोटो इतके सुंदर आले, की शलाकाला बरेच दिवस अन्न गोड लागेना.

अखेर तिने ठरवलं. सुईच्या वाढदिवसाला ‘चिमुकले बेकर’. मुलांनी आपल्या हातांनी केक करायचे. नवरा म्हणाला, त्यापेक्षा कंद भाजू, पोरं पोटभर खातील. शलाकाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कंद उकरायला म्हणून गेला तो पार्टी उरकेपर्यंत फिरकला नाही.

तयारी जोरात झाली. एक ओसाड वारूळ झाडून त्याची भट्टी केली. पळसाच्या पानांचे एप्रन शिवले. सुया घरच्याच होत्या. बांबूच्या बियांचं पीठ दळलं, अस्वलाकडून मध आणला. अडलं ते अंड्यांपाशी. टिटवीबाई पाहुण्यांत होत्याच, म्हणून शलाकाने निरोप धाडला, की येताना दोन-चार अंडी घेऊन या. टिटवीबाई लगेच आल्या, पण रिकाम्या हाताने.

“शलाकाताई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “ती अंडी पुढच्या वर्षी तुमच्याकडे पार्टीला येणार आहेत.”

शलाका ओशाळली. दुसऱ्या दिवशी तिने सगळीकडे सांगितलं, की केक बिनअंड्याचे होतील, कारण आमच्या घरात काही तत्त्वं आहेत.

वाढदिवस उजाडला. पिल्लं एप्रन बांधून ओळीने उभी राहिली. सशाच्या पोराने पिठात पंजा घातला. त्याची आई धावली आणि म्हणाली, थांब सोन्या, गुठळ्या होतील, मी दाखवते. तिने दाखवलं. मग तिला पाहून हरणीने दाखवलं. कोल्हीण काही दाखवायच्या भानगडीत पडली नाही. तिने पिल्लाला बाजूला सारलं आणि सरळ तीन मजली केक रचायला घेतला. बघता बघता सगळ्या आया कोपरापर्यंत पिठात बुडाल्या. सुईने विचारलं, मी काय करू? शलाका मान वर न करता म्हणाली, “तू एन्जॉय कर, राणी.”

पिल्लांनी काही वेळ एन्जॉय केलं. मग ती हळूच ओढ्याकडे सटकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण इकडे भट्टीत मधली जागा कुणाची यावरून जुंपली होती. हरणीने कोल्हिणीचा केक मागे ढकलला, कोल्हिणीने हरणीचा पुढे ओढला. आधीच जुनं वारूळ, ते या ओढाताणीत सगळ्या केकांसकट खाली बसलं.

राखेच्या ढिगाकडे पाहून शलाकाला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात माकड म्हणालं, की फोटोला मुलं लागतील. मुलं कुठेत?

मुलं ओढ्याकाठी होती. नखशिखान्त चिखलात. एका सपाट दगडावर त्यांनी चिखलाचा एक भला थोरला केक थापला होता. वर करवंदाची पांढरी फुलं लावली होती. सुई मधोमध बसून खदाखदा हसत होती. असं हसताना शलाकाने तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ती थबकली. पुढे होऊन त्या चिखलात बसावं असं तिला अगदी मनापासून वाटलं.

पण मागून कोल्हीण येत होती.

“रंग सुरेख आलाय हो ताई,” कोल्हीण म्हणाली. “कशाचा आहे?”

शलाकाने सुईकडे पाहिलं. मग केककडे पाहिलं.

“डार्क चॉकलेट,” ती म्हणाली. “मुलांनीच केलाय.”

माकडाने फोटो काढला. आता चव घेणं भाग होतं. कोल्हिणीने घास घेतला, दातांखाली कचकन वाळू आली. पण थुंकली तर आपल्याला चॉकलेट कळत नाही असं व्हायचं. तेव्हा तिने गिळला आणि म्हणाली, गोडी बेताची आहे, ते मला आवडलं. मग हरणीने खाल्ला. सशिणीने तर कृती मागितली. सुई आईचा पदर ओढून सांगत होती, आई, तो चिखल आहे. सगळ्या आया हसल्या. मुलं किती निरागस असतात, नाही?

पुढच्याच आठवड्यात ओढ्याला कुंपण पडलं. आत शलाकाताईंचे चॉकलेटचे वर्ग सुरू झाले. आया दुरून दुरून येऊ लागल्या. पिल्लांना मात्र आत सोडत नसत. माल खराब होतो.

सुई कुंपणाबाहेर, स्वच्छ न्हाऊन, वेणी घालून बसलेली असे. आईला तिचा फार अभिमान वाटे.

तात्पर्य : बाळांनो, आईवडिलांनी आपल्या मुलांचा आनंद कशात आहे हे नीट ओळखावं. एकदा तो सापडला, की त्यांच्या हातून काढून घेणं सोपं जातं.