इसबाचं गणगोत

गेवराईच्या डॉक्टरीणबाईंनी बद्रीनाथांच्या कोपरावरचं इसब पाहिलं आणि भलतंच विचारायला सुरुवात केली.

"दम लागतो?"

"लागतो. छाती शीळ घालती."

"सकाळी शिंका?"

"पंधरा-वीस."

"झोप?"

"खाजवण्यातच रात सरती."

"जिवाला सारखा घोर?"

बद्रीनाथ चपापले. "आमची मंडळी आलती का हितं?"

बाई हसल्या. मोठ्या वयातल्या इसबासोबत दमा, शिंका, जागरण, काळजी असं गणगोत बऱ्याचदा येतंच, म्हणाल्या. त्यांनी मलम दिलं, दम्याच्या तपासणीची चिठ्ठी दिली आणि खाजेवरची एक गोळी. "ही झोपतानाच घ्या. गुंगी येते."

काळजी तर त्या दिवशी ढीगभर होती. चार वाजता उमापूरला घरी लेकीला, बबिताला, पाहायला पाहुणे येणार होते. आधीची तीन स्थळं परत गेलेली. त्यात बसस्थानकावर खाज अशी उसळली, की पाहुण्यांपुढं खाजवत कसं बसायचं या धास्तीनं त्यांनी भरदुपारी गोळी चहाबरोबर गिळली.

बस निघाली. खिडकीबाहेरचा ऊस पाण्यासारखा हलू लागला. रस्ता मऊ झाला. आपण त्या हिरव्या पाण्यावर उताणे तरंगतोय आणि अंगाला कुठंच हात लावावासा वाटत नाही, असं काहीतरी त्यांना वाटत राहिलं.

"काका, उठा! शेवगाव आलं," कंडक्टर वनमालाबाईंनी हलवलं.

उमापूर केव्हाच मागं पडलं होतं. त्याच बसचं परतीचं तिकीट काढून ते म्हणाले, "माय, उमापूरला तेवढं उठव."

डोळे उघडले तेव्हा समोर पुन्हा गेवराई.

"उठवलं न्हाईस?"

"दोनदा! तुमी म्हणलात, 'बबिते, पडू दे गं जरा.' आन् कूस बदलली."

मोबाइलवर बायकोचे, सत्यशीलाचे, एकवीस फोन येऊन गेले होते.

दिवस मावळताना ते घरी पोचले. ओसरीवर रिकाम्या कपबश्या तेवढ्या उरल्या होत्या.

"गेले?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"गेले. पसंती सांगून."

"म्हंजी जमलं? माझ्याबिगर?"

"तुमी नव्हता म्हून जमलं!" सत्यशीला म्हणाली. "येरवी काळजीपायी तुमी पोराला सवाल करकरून घाम फोडता. आज बबिताच बोलली."

बद्रीनाथांना अपमान वाटायला हवा होता. त्यांनी प्रयत्नही करून पाहिला. पण एवढी झोप झालेल्या माणसाला राग काही धरवेना.

"पोरगा कसा हाय गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

बबिता कपबश्या गोळा करत म्हणाली, "ऐकून घेतो, आबा."