नव्या चष्म्यातले कुरव

बायकोने हट्टाने नवा चष्मा करायला लावला आणि तलावावरचे निम्मे कुरव नाहीसे झाले.

पंपघराचे कारकून दर हिवाळ्यात कुरव मोजून वर कळवत. समुद्रावरचे हे पक्षी थंडीपुरते इतक्या आत येत आणि कारकुनांच्या तक्त्यात वर्षागणिक वाढत. धुक्यात पांढरे ठिपके डुलायचे. मोजता मोजता कारकूनही डुलायचे. यंदा मात्र नव्या काचांतून अर्धे ठिपके प्लॅस्टिकचे डबे निघाले. मेहुण्याने खोल पाण्याची खूण म्हणून बांधलेले! त्याच्या सहलीच्या बोटी वाढल्या तसे डबे वाढले आणि डब्यांबरोबर कुरव.

कारकून प्रामाणिक. त्यांनी खरा आकडा कळवला. जुन्या आकड्यांबद्दल कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. वरून हुकूम आला: कुरव घटले, बोटी बंद.

मेहुणा थेट स्वयंपाकघरात शिरला. "भाऊजी, मी काय पक्षी खाल्ले? हप्ते कसे फेडू?"

"अरे, ते तुझेच डबे होते."

"मग सांगा की साहेबांना!"

"इतकी वर्षं डबे मोजले म्हणून सांगू? पेन्शनच्या तोंडावर?"

"चष्मा घ्या म्हटलं होतं," बायको म्हणाली, "तो घालून मोजायला जा, असं नव्हतं म्हटलं."

बोटी थांबल्या, तसे बोटीतून पाव फेकणारेही थांबले. मग उरलेले कुरवही कंटाळून उडून गेले. आणि नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले.

सकाळचं धुकं पाण्यावर लोळत होतं. तलावात औषधालाही कुरव नव्हता. साहेबांचा चष्मा खिशात होता. चष्म्याने वय दिसतं, असं त्यांना वाटे. डोळे किलकिले करून, बोट नाचवत ते मोजू लागले.

"वा! बरेच परतले की हो!"

कारकुनांनी तोंड उघडलं. चहाचा थर्मास घेऊन आलेल्या बायकोने मागून त्यांचा सदरा ओढला.

"म्हणजे बंदीचा गुण आला," साहेब म्हणाले. "आता उठवू या. काय?"

कारकुनांनी चष्मा काढून पुसायला घेतला. समोर सगळे परत आले होते: गोल, गुबगुबीत, धुक्यात हलके डुलणारे.

"आहेत, साहेब," ते म्हणाले. त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते.

दुपारी मेहुण्याची पहिली बोट निघाली. कुणीतरी पावाचा तुकडा भिरकावला. कुठून कोण जाणे, एक खराखुरा कुरव तरंगत आला, तुकडा उचलला आणि ऐटीत डब्यावर जाऊन बसला.

चष्मा लावून कारकून कितीतरी वेळ बघत राहिले. याला एक धरायचं, की दोन?