अस्वल म्हणेल ती चाकं

एका जंगलात सायकली होत्या. कुठून आल्या ते विचारू नका. मध्ये मध्ये बोलणाऱ्याला मी पुढचं सांगत नाही, आधीच सांगून ठेवते.

त्या जंगलात सगुणा नावाची एक मुंगूसबाई राहायची. तिचं बीळ ओढ्याकाठी. ओढ्याचं पाणी बिळात झिरपायला लागलं होतं. चार पिल्लं ओल्यात झोपायची आणि दिवसभर खोकायची. नवरा धोंडू तेवढा एका कोरड्या ढेकळावर आडवा पडलेला असायचा. लग्न झाल्यापासून तो तसाच होता. सासूनं तसाच दिला होता.

एक दिवस सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. जुन्या रेसच्या सायकलींची शर्यत होणार, खिंडीपर्यंत. जिंकेल त्याला खिंडीवरची कोरडी गुहा कायमची.

सगुणाचे कान उभे राहिले. तिच्याकडे आजोबांची सायकल होती. वाकड्या हँडलची, हलकी, फ्रेम अजून सरळ. फक्त चाकं नव्हती.

दवंडीला एक नियमही होता. महाराज म्हणाले होते, "चाकं अस्सल पाहिजेत." लिहून घेणारं माकड पेंगत होतं. त्यानं लिहिलं, "चाकं अस्वल पाहिजेत." वर शिक्का बसला. आणि एकदा शिक्का बसला की पोरांनो, चूक ही चूक राहत नाही. तिचा नियम होतो.

मंडळी तीन दिवस डोकं खाजवत बसली. चाकं अस्वल कशी असणार? शेवटी ठरलं, अस्वलानं पास केलेली असली पाहिजेत. केसराक्का अस्वल तेव्हा मधाच्या पोळ्यात तोंड घालून बसली होती. तिला तिथूनच ओढून आणून तज्ज्ञ केलं.

सगुणा गेली बब्बन तरसाकडे. तो जंगलातला भंगारवाला. त्यानं चाकांच्या दोन जोड्या पुढ्यात टाकल्या.

पहिली जोडी जुनीच, पण आरे नवे घातलेले. सगुणानं टिचकी मारली तर चाक फिरायला लागलं. बब्बननं तंबाखू मळली, तोंडात टाकली, पिंक मारून झाली, तरी ते फिरतच होतं.

दुसरी जोडी गंजलेली. बेरिंग जाम. चाक वाकून त्याला एवढा आउट आलेला, की चाक कसलं, तळलेला पापड वाटत होता.

"ह्याचा आउट काढून देशील का रे?" सगुणानं विचारलं.

बब्बननं दोन्ही पंजे कानांवर ठेवले. "हळू बोला ताई! हा कंपनीचा आउट आहे. महाराजांच्या पणजोबांच्या वेळचा. असा आउट आता बनत नाही."

"टायरला चिरा गेल्यात."

"पण आतली हवा तेव्हाचीच आहे. वास घेऊन बघा."

सगुणानं वास घेतला. "कुजकी आहे."

"जुनी आहे," बब्बन म्हणाला.

"बरं, फिरतं का हे?"

"फिरवायचं कशाला?"

"मुडद्या, सायकल आहे ना ती? मला बसून जायचंय!"

बब्बननं तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. "बसून? मग तुम्ही शौकीन नाही ताई. तुम्ही गरजू आहात."

सगुणानं त्याच्यापुढं एक मेलेली घोणस आपटली आणि फिरणारी जोडी उचलली.

केसराक्कानं चाक हातात घेतलं आणि चाटलं. "गंज लागत नाही जिभेला. नापास."

"अहो आक्का, चाक बघायचं असतं. चाटता काय?"

"बघून मला काय कळतंय? मला चाटल्याशिवाय काही समजत नाही बाई."

आता हे खरं बोलली बिचारी. सगुणानं मग भांडण केलं नाही. गेली, एक पोळं फोडलं, नाक सुजवून घेतलं आणि दोन्ही रिमांना मध फासून परत आली. केसराक्कानं पुढचं चाक चाटलं, मागचं चाटलं, सीटसुद्धा चाटली. "अस्सल!" ती ओरडली. "असं चाक पुन्हा होणे नाही!"

शर्यतीचा दिवस आला. शिट्टी वाजली. सगुणानं पायडल मारलं आणि निघाली. चढाला तिची जीभ बाहेर आली, पण चार खोकणारी तोंडं डोळ्यांपुढं होती. पोचली खिंडीत. मागं वळून पाहिलं तर रस्ता रिकामा. वाट बघून कंटाळली आणि स्वतःच उतरून परत आली.

बाकीचे सगळे जिथल्या तिथं उभे होते. कोल्ह्यानं सायकल खांद्यावर घेतली होती. नानासाहेब हत्तीनं डोक्यावर शेवाळाची गादी करून तिच्यावर सायकल ठेवली होती. चाकाला हिसका बसेल म्हणून पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

"मी पहिली आले. गुहा द्या," सगुणा म्हणाली.

माकडाच्या हातातली लेखणी पडली. "तू चाकं फिरवलीस?"

"मग काय आरती ओवाळू त्यांना?"

"पास झालेली चाकं! डोंगरभर झिजवलीस!"

केसराक्का तर रडायलाच लागली. महाराजांनी आयाळ झटकून निकाल दिला. सगुणा बाद. गुहा नानासाहेबांच्या चाकांना, कारण ती इंचभर हलली नाहीत.

"आणि हत्ती?" सगुणानं विचारलं.

"तो बाहेर राहील. त्याच्यात काय विशेष आहे?"

सगुणाला वाटलं, ह्याच्या नरडीचाच घोट घ्यावा. पण मागं बिळात पिल्लं खोकत होती. तिनं राग गिळला. "महाराज, गुहेत कोणाला जागा मिळते ते एकदा नीट सांगा."

महाराजांनी माकडाकडं पाहिलं. माकडानं पान उलटलं. "जे जुनं आहे, जागचं हलत नाही आणि कशाच्याही उपयोगाचं नाही, त्याला."

सगुणा तडक बिळाकडं गेली. धोंडूला ढेकळासकट सायकलीवर बांधलं आणि दरबारात आणून ठेवलं.

केसराक्कानं त्याला चाटलं. उलट बाजूनं पुन्हा चाटलं. धोंडूनं डोळासुद्धा उघडला नाही.

"शेवटचा कधी हलला होता?" माकडानं विचारलं.

"लग्नात. तेही चौघांनी उचलून आणला होता."

"काही काम?"

"कसलं काम? भाऊजी, तुम्ही थट्टा करता काय गरिबाची!"

"अस्सल," केसराक्का पुटपुटली. तिला भरून आलं होतं. महाराज सिंहासनावरून उठून उभे राहिले. गुहेत मधला उंच, कोरडा दगड होता, तो धोंडूला मिळाला.

तेवढ्यात सायकलीमागनं आलेली चारही पिल्लं टुणटुण उड्या मारत बापाच्या पोटावर चढली.

"हे काय आहे?" माकड ओरडलं.

"त्याच्यावरची धूळ," सगुणा म्हणाली. "मूळची आहे. झटकलीत तर अस्सलपणा जाईल, बघा बाई."

माकडानं घाबरून लिहिलं, 'धूळ, चार नग.'

"आणि तू?"

"मी त्याच्यावर घालायचं कव्हर."

आठ दिवसांत पिल्लांचा खोकला गेला. नवव्या दिवशी धोंडूनं जन्मात पहिल्यांदा हळूच विचारलं, "अगं, जरा कूस बदलू का?"

"हललास तर याद राख!" सगुणा म्हणाली.

तात्पर्य: पोरांनो, मेहनत करा, सगळ्यांच्या आधी पोचा, आपली चाकं फिरती ठेवा. तब्येत चांगली राहते. पण डोक्यावर छप्पर पाहिजे असेल, तर घरातला बिनकामाचा माणूस भंगारात देऊ नका.