निळं दाबा, हिरवं दाबा

मुलीनं, कायसानं, कुठल्या कॉलेजात जायचं हे ठरवायला लोर्ना लाहती तिला सौनात घेऊन गेली. परसातल्या त्या वाफारा घ्यायच्या लाकडी खोलीत, तापलेल्या दगडांसमोर टॉवेल गुंडाळून बसलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, असं तिच्या सासरचे चार पिढ्या मानत आले होते. मे महिन्याची पहिली तारीख, आणि दोन्ही कॉलेजांत अनामत भरून जागा पक्की करायची मुदत आज पाचपर्यंत. वाफेनं बिघडू नये म्हणून कायसाचा फोन स्वयंपाकघरात सासूबाईंच्या ताब्यात दिला होता. फोनवर दोन पानं उघडी होती, एक निळं आणि एक हिरवं.

निळं म्हणजे पूर्वेकडचं, समुद्राजवळचं, भिंतींवर वेली चढलेलं विद्यापीठ. शिष्यवृत्ती वजा जाता त्याची जी फी उरत होती, ती भरायला घर विकावं लागलं असतं, आणि हे त्यांनी पत्रात ‘आनंदाने कळवतो’ असं म्हणून सांगितलं होतं. वेलींचे पैसे घेणाऱ्यांना लाज नसते आणि देणाऱ्यांना शुद्ध नसते. हिरवं म्हणजे पाऊण तासावरचं सरकारी कॉलेज. चारही वर्षं फुकट. कायसाला व्हायचं होतं डॉक्टर, म्हणजे ही चार वर्षांची साधी पदवी नुसती पायरी. खरी लूट त्यानंतरच्या मेडिकलच्या चार वर्षांत.

पण लोर्नाचे डोळे मिटले की वाफेतून विटांची कमान वर यायची. कमानीखालून कायसा पुस्तकं छातीशी धरून चाललेली, पायांखाली तांबडी पानं, कुठेतरी घंटा वाजतेय, आणि चांगला कोट घातलेली कुणी बाई लोर्नाला विचारतेय, ‘तुम्ही कायसाच्या आई ना?’ वीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ट्रे भरणाऱ्या बाईला असं कुणी विचारलं नव्हतं.

“मी तळ्याकाठची जागा विकते,” ती म्हणाली.

“ती आजोबांनी तुला दिलीय.”

“आता मी तुला देते. निळं घे.”

“आई, मेडिकलवाले गुण बघतात. वेली मोजत नाहीत.”

“आमच्या हॉस्पिटलात एक डॉक्टर आहे तिथलाच. काय रुबाब आहे त्याचा. ट्रे घेताना मान वर करत नाही.”

“मग मी तसंच व्हायचं का?”

लोर्नानं उत्तर म्हणून दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. खोली पांढरी झाली. कायसा वरच्या फळीवर डोळे मिटून पडून राहिली, आणि लोर्ना कितीतरी वेळ कमानीबद्दल, घंटेबद्दल, समुद्राबद्दल बोलत राहिली.

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी सरकलं आणि बाहेर धप्प झालं. उत्तरेच्या त्या गावात उन्हाळा उशिरा येतो; आठवड्यापूर्वीच्या वादळाचा बर्फ छपरावर तसाच होता. आतल्या उष्णतेनं तो सुटला आणि सगळाच्या सगळा दारासमोर पडला. दार उघडायचं बाहेरच्या बाजूला. ते बोटभरही हलेना. लोर्नाचा नवरा सगळ्या तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायच्या नोकरीत होता. स्वतःचं छप्पर तो रविवारी बघणार होता.

भिंतीवरचं घड्याळ साडेचार दाखवत होतं. लोर्नानं वीतभर झरोक्याला तोंड लावलं. “सासूबाई, फोनवरचं निळं दाबा.”

एल्मा आजी घराच्या मागच्या दारात आली. तिला कमी ऐकू यायचं. “गळा दाबू? कुणाचा?”

“निळं, निळं.”

कायसानं आईला बाजूला सारलं. “आजी, हिरवं दाब.”

“एक काय ते ठरवा,” म्हणत आजी आत गेली. बऱ्याच वेळानं परत आली. “ते कार्डाचा नंबर मागतंय.”

“कुठलं?”

“दोन्ही.”

“मग द्या ना. माझी पर्स तिथेच आहे.”

“तूच बजावलंयस, फोनवर कुणी कार्डाचा नंबर मागितला की बंद करायचं. दोन्ही बंद केले. मेले चोर.”

“चोर नाहीत ते, कॉलेजवाले आहेत.”

“तेच म्हणते मी,” आजी म्हणाली.

एवढ्यात कुंपणावरून शेजारचा मर्ल फावडं घेऊन आला. “कोण कुणाचा गळा दाबतंय?” सगळं कळल्यावर तो खणायला लागला, पण तोंड चालू. “माझा भाचा होता त्या पूर्वेच्या कॉलेजात. डॉक्टर व्हायला गेला होता.”

“झाला?” लोर्नानं आशेनं विचारलं.

“बँकेत आहे. कर्ज फिटेपर्यंत.”

“मर्ल, तुम्ही खणा.”

पाचला आठ मिनिटं असताना दार हातभर उघडलं. मायलेकी टॉवेल सावरत, अनवाणी, बर्फातून स्वयंपाकघरात धावल्या. लोर्ना आधी पोचली. तिनं निळं पान उघडलं, कार्डाचा नंबर घातला, डोळ्यांसमोर पुन्हा ती कमान आली, आणि तिनं शेवटचं बटण दाबलं.

‘मुदत संपली आहे.’

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पाच वाजायला अजून सात मिनिटं होती. इथे. पूर्वेकडची घड्याळं तासभर पुढे; समुद्राकाठी पाच वाजून तास होत आला होता. घड्याळं बदलायची हद्द लागूनच असल्यानं त्या तालुक्यात ‘तुमचे पाच की आमचे?’ असं विचारल्याशिवाय कुणी दाताच्या डॉक्टरकडेही जात नाही. लोर्ना तर जन्मभर विचारत आली होती. आजच विसरली.

कायसानं फोन हळूच तिच्या हातातून घेतला, इथल्याच घड्याळावर चालणारं हिरवं पान उघडलं, कार्डाचा नंबर पाठ म्हटल्यासारखा घातला आणि दाबलं. मग टॉवेलला हात पुसले.

“तुला माहीत होतं,” लोर्ना म्हणाली.

“हो.”

“सौनात शिरलो तेव्हा वेळ होता अजून. इथे चारही वाजले नव्हते, म्हणजे तिथे पाच झाले नव्हते. बोलली का नाहीस?”

“तू इतकं सुंदर बोलत होतीस, आई. मध्ये तोडवेना.”

लोर्ना खुर्चीत बसली. अंगाची वाफ अजून निघत होती. रागवावं की रडावं हे न कळून शेवटी ती एवढंच म्हणाली, “म्हणजे तळ्याकाठची जागा राहिली.”

“राहिली ना,” कायसानं तिच्या खांद्यावर कोट टाकला. “चार वर्षं. मग मेडिकलला विकू.”