मांडवातलं जाझ

हळ्ळीखेडात खत-बियाण्यांची दुकानं पुष्कळ आहेत, पण जाझ संगीतावर ठाम मतं बाळगणारं दुकान एकच, गुरुबसवअण्णांचं! सोयाबीनचं बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला दोन-चार मतं घेतल्याशिवाय तिथून सुटका नसे.

"रेकॉर्डिंग म्हंजे फोटोतली पुरणाची होळगी हाय," अण्णा वजन करता करता सांगत. "बघून पोट भरतंय का? जाझ ऐकावं तर समोर बसून! आणि रेकॉर्ड ऐकायचीच झाली तर मैफलीतली ऐकावी. मागं कपबशा वाजायल्यात, कुणी खोकायलंय, वाजवणारा मधीच भलतीकडं निघून जायलाय, बाकीचे त्याला हुडकायल्यात... त्याला जाझ म्हणायचं! स्टुडिओतलं म्हंजे पॉलिश केलेली तूरडाळ. चकाकतीय, पण चव न्हाई!"

"युरिया आलाय का, अण्णा?" गिऱ्हाईक विचारी.

इतकी मतं असलेल्या या माणसानं आयुष्यात एकही मैफल समोर बसून ऐकली नव्हती, हे फक्त त्यांच्या बायकोला, रुद्रम्माला ठाऊक होतं. एकदा ते मुद्दाम बेंगळुरूला गेले होते. पण मैफल निघाली बारमध्ये! गळ्यात इष्टलिंग घातलेला लिंगायत माणूस आत जाणार कसा? बिचारे दारातूनच माघारी फिरले. ती हळहळ त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

अशात त्यांच्या लेकीचं, सुधारानीचं लग्न ठरलं. मुलगा मेहकरचा, घर चांगलं. व्याही विरुपाक्षप्पा मात्र मानापानाला भारी कडक. पाण्याचा तांब्या डाव्या हातानं पुढं केला म्हणून एका सोयरिकीच्या बैठकीतून उठून आलेले! अण्णा बँड ठरवायला हुमनाबादला गेले आणि बँडवाल्या धुळाप्पा मास्तरांच्या खोलीत त्यांना भिंतीवर टांगलेला सॅक्सोफोन दिसला. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. बारमध्ये जाता येत नाही ना? मग जाझलाच मांडवात आणू!

तालीम दुकानामागच्या गोदामात झाली.

"मास्तर, ठरलेलं काही वाजवायचं न्हाई. मनाला येईल ते वाजवायचं."

"अण्णा, तसं आमी चुकल्यावर वाजतंय."

"चुकू द्या की! चुकलं की तेच आणखी जोरात वाजवायचं. लोकास्नी वाटतंय, मुद्दाम केलंय."

धुळाप्पांना हे फारच पटलं. आजवर इतक्या मोठ्या मनानं त्यांना कुणी चुकू दिलं नव्हतं.

"आणि प्रत्येकाचा सोलो. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी गप बसायचं."

"दम खायला?"

"ऐकायला!"

"एकमेकाचं ऐकायचं?" ढोलवाला मल्लेश चाटच पडला. "आमी तसं कधी केलंच न्हाई!"

रुद्रम्मा दारात उभी राहून सगळं बघत होती. "हे काय चालवलंय तुमी? विरुपाक्षप्पांपुढं एक जरी फजिती झाली, तर ते नवरदेवाला घेऊन माघारी जातील. माझी लेक बाशिंग बांधून बसंल, सांगून ठेवायलेय!"

"फजिती कामून होईल? एकच तुकडा! मग बँड जाईल की नवरदेवाला आणायला."

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मंत्र संपले की लग्न लावणारे स्वामी हात वर करतात, ढोल कडाडतो आणि मांडवभर अक्षता उडतात. मागं बसलेल्यांना मंत्र ऐकू येत नाहीत आणि नवरानवरी दिसत नाहीत. त्यांना कळतो तो फक्त ढोल! ढोल कडाडला की मूठ उघडायची, आणि मूठ उघडली की थेट पंगत गाठायची. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय आहे ही.

लग्नाच्या दिवशी वेळ वाचावा म्हणून अक्षता फाटकातच वाटून टाकल्या होत्या. ही कल्पनाही अण्णांचीच! नवरदेव बसवण्णाच्या देवळापुढं घोड्यावर बसून बँडची वाट बघत होता. इकडं अण्णा स्टेजवर चढले आणि माईकवरून जाझचा इतिहास सांगू लागले. तो कुणीही ऐकला नाही. मग त्यांनी धुळाप्पांना खूण केली.

आणि काय सांगावं! धुळाप्पांनी सॅक्सोफोनमध्ये जो जीव ओतला! एका लग्नगीतापासून निघाले, भजनाच्या बाजूला वळले आणि पुढं बहुतेक वाटच चुकले. बाकीचे त्यांना हुडकत मागं निघाले. अगदी अण्णांच्या त्या लाडक्या रेकॉर्डसारखं! अण्णा डोळे मिटून डोलू लागले. जन्मभर फोटोतली होळगी बघितलेल्या माणसाच्या ताटात खरी होळगी पडली होती, तीही तुपासकट. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मग आला मल्लेशचा सोलो. त्यानं हळूच सुरुवात केली. समोर कुणी नाचत नाही, सगळे गप बसून आपल्याकडंच बघायलेत, हे त्याच्या ध्यानात आलं आणि गडी पेटला! टिपऱ्या दिसेनाशा झाल्या. वाजवता वाजवता शेवटाकडं आला, आणि शेवट म्हणून त्याच्या हातांना शेकडो लग्नांपासून जो एकच शेवट माहीत होता, तो त्यानं वाजवला. ढोल कडाडला!

पहिल्या रांगेत अण्णांची आत्या नागम्मा पेंगत होती. तिचे डोळे उघडायच्या आधी मूठ उघडली.

तिच्यामागं सगळा मांडव! अक्षतांचा असा मारा झाला की स्टेजवर शेजारीशेजारी उभे असलेले गुरुबसवअण्णा आणि धुळाप्पा मास्तर पार पिवळे झाले. "सुखानं नांदा रे बाळांनो!" नागम्मानं दोघांना आशीर्वाद दिला. फोटोवाल्यानं फोटोसुद्धा काढला!

"थांबा! हा सोलो होता!" अण्णा ओरडले. पण ऐकायला मांडवात होतं कोण? सगळं वऱ्हाड पंगतीला बसलं होतं, आणि वाढपी होळग्या वाढत सुटले होते.

आतल्या खोलीत केस विंचरून घेत बसलेली सुधारानी दचकून आईला म्हणाली, "अव्वा, लग्न लागलं का काय माझं?"

तेवढ्यात देवळात ताटकळलेले विरुपाक्षप्पा घामाघूम होऊन चालत आले. बँड का येत नाही ते बघायला आले आणि बघतात तर मांडव रिकामा!

"वा, वा, गुरुबसवअण्णा! नवरदेव घोड्यावर आणि वऱ्हाड ताटावर? आमी माघारी जायलोय!"

जाझवर तासन्‌तास बोलणारे अण्णा नुसते अंगावरच्या अक्षता झटकू लागले. लेक बाशिंग बांधून बसलेली त्यांच्या डोळ्यांपुढं दिसू लागली. शेवटी रुद्रम्माच पुढं झाली.

"व्याही, तुमच्या मानाच्या पंगतीत गर्दी नको म्हणून गावकीला आधी बसवलंय. आता सगळं निवांत तुमच्यासाठीच!"

विरुपाक्षप्पा जरा विरघळले. "बरं. पण मांडव भरलेला दिसला पाहिजे, आणि मुहूर्ताला अक्षता नीट पडल्या पाहिजेत. एवढं तरी होऊ द्या. न्हाई तर राम राम!"

मग धावपळ! अर्धं वऱ्हाड ताटावरून उठवून आणलं. कुणाच्या हाताला आमटी, कुणाच्या मिशीला तूप. स्वयंपाकघरातल्या ज्वारीला हळद लावून नव्या अक्षता केल्या आणि वाटताना प्रत्येकाला बजावलं, "मघाचं खोटं होतं. आता फसू नका!" बँड देवळाकडं पळत गेला आणि नवरदेवाला वाजतगाजत घेऊन आला. सुधारानी समोर उभी राहिली. मंत्र संपले, स्वामींनी हात वर केला आणि ढोल कडाडला.

एक दाणा पडला नाही!

सगळा मांडव मुठी घट्ट आवळून अण्णांकडं बघत होता. मल्लेश आणखी जोरात वाजवू लागला, तशा मुठी आणखी आवळल्या.

"आता न्हाई फसत मी, गुरुबसवा!" नागम्मा म्हणाली.

विरुपाक्षप्पांच्या कपाळाची शीर उडू लागली. अण्णांनी झडप घालून माईक धरला. "टाका की! हे खरं हाय! हे जाझ न्हाई!"

"कशावरून?" मागून आवाज आला.

"बसवण्णाची आण!" अण्णा जिवाच्या आकांतानं ओरडले. "हे जाझ न्हाई! ह्या बँडला जाझ येत न्हाई! आणि मलाबी त्यातलं काही कळत न्हाई!"

आणि मग अक्षता पडल्या! धो धो पडल्या. सुधारानी हसू दाबत नवऱ्याकडं बघत होती आणि विरुपाक्षप्पा मान डोलवत होते. अण्णा घाम पुसत म्हणाले, "लागलं बाई एकदाचं लग्न."

"व्हय," शेवटची मूठ टाकत रुद्रम्मा म्हणाली. "आणि जाझवर पहिल्यांदाच खरं बोललाव!"